पिवळं अस्तर

द्वारका: अगो, चुन्याशिवाय हळद लाल होते का कधी? चिमूटभर टाक, बघ कशी कुंकवासारखी पेटते.

अक्षया: चुना नको, आई. राखुंडी पिंजऱ्यातलं हे लाकूड चावणार. रंग सगळा तिच्या पोटात जाणार.

द्वारका: मी जन्मभर पानाला लावून खाल्ला. माझ्या पोटाला काय धाड भरली?

अक्षया: तुमचं पोट नि तिचं पोट सारखं का? मूठभर जीव तो, त्यात निम्मी लव. आणि तिला उलटी होत नाही. नको ते आत गेलं तर बाहेर काढायची सोयच देवाने ठेवलेली नाही.

द्वारका: उलटी होत नाही? मग सुनांच्याच जातीची म्हणायची. गिळायचं नि गप बसायचं.

अक्षया: आई!

द्वारका: काय आई? खोटं बोलले? दे ती हळद इकडे, पिवळी तर पिवळी. आणि त्या वाटीत काय, बीट?

अक्षया: बीट उकडून गाळलेलं पाणी. दुसऱ्या वाटीत जास्वंदीच्या पाकळ्यांचं, त्या तर ती नुसत्याही खाते. पातळ हात द्या हां, थापू नका. लाकडात मुरू द्यायचं, सावलीत वाळवायचं, मग दुसरा हात. वाळल्यावर ओलं फडकं फिरवायचं. फडक्याला रंग लागला नाही की झालं. वरून पॉलिश नाही, काही नाही.

द्वारका: कुंपणावर गोकर्ण फुललीय, ती आण की. निळा देईल फक्कड.

अक्षया: गोकर्णीचं मला ठाऊक नाही. डॉक्टरांना विचारलं, तेही नक्की सांगेनात. ठाऊक नाही म्हणजे नको.

द्वारका: वाडीतली आंब्याची फांदी दिली होती, तीही नको. हे विकतचं पाइन बरं चालतं हिला.

अक्षया: आंब्याला चीक असतो. हे भट्टीत सुकवलेलं आहे, कोरं. म्हणून चालतं.

द्वारका: काय थाट आहे बाई चिंचोक्याचा!

अक्षया: चिंचिला, आई.

द्वारका: तेच ते. राखेत लोळते म्हणून मी राखुंडी म्हटलं, तेवढं एक मला जमलं. एसीत राहते, भुकटीने आंघोळ करते, दिवसा झोपते नि रात्रभर फळ्या कुरतडते. आणि त्या फळ्या रंगवायला घरातल्या दोन बायका सकाळपासून पडवीत बसल्यात. माझ्या सासूबाई असत्या तर पिंजऱ्यासकट अर्नाळ्याच्या समुद्रात बुडवली असती हिला. आणि मागोमाग आपल्याला.

अक्षया: तिला रंग कळतात की नाही कुणास ठाऊक. माझ्यासाठीच रंगवते मी. नुसत्या जाळ्या नि फळ्या दिसल्या ना, की तुरुंगासारखं वाटतं.

द्वारका: कळतं गो मला. रंगव. हात चालू असले की डोकं जरा कमी चालतं. करवत कुठे ठेवलीस?

अक्षया: करवत कशाला?

द्वारका: शेजारच्या ॲल्रॉयला बोलावून माळ्यावरचा पाळणा खाली काढून घेतला, तो काय ओवाळायला? काप. दांड्या बघ कशा कातीव आहेत. जुना साग. पिंजऱ्यात शिडी होईल, झोपाळा होईल. माझ्यासमोर काप.

अक्षया: स्वरूप आज टेम्पो घेऊन येणार आहे ना त्याच्यासाठी?

द्वारका: म्हणूनच म्हणते, तो यायच्या आत. कोर्टात तुमच्या दोघांची तारीख अजून पडतेय, आणि हा तिकडे विरारला त्या हेमांगीचं डोहाळजेवण घालतोय. नि पाळणा हवा माझ्या घरचा. काल फोनवर म्हणतो कसा, "आई, घराण्याचा पाळणा आहे, बाळाचा हक्क आहे." हक्क! बायकोला टाकून जाताना घराणं नाही आठवलं याला?

अक्षया: माझं सोडा हो.

द्वारका: का सोडू? कळंबला तुझ्या बापाच्या ओटीवर बसून शब्द दिला होता मी, पोरीला काही कमी पडणार नाही म्हणून. दोनदा तुझं पोट रिकामं झालं, तर नवऱ्याने काय आणून दिलं? हा उंदीर. म्हणे, मन रमेल. मग स्वतःचं मन रमवायला गेला दुसरीकडे.

अक्षया: त्यात राखुंडीचा काय दोष?

द्वारका: तिचा नाही. म्हणून तर म्हणते, तिलाच मिळू दे. माझ्या घरचा पाळणा कुणी चावायचाच असेल तर हिने चावावा.

अक्षया: नाही चालणार, आई.

द्वारका: माया येते अजून त्याची?

अक्षया: मायेचं नाही, रंगाचं. हा ऑइलपेंट आहे, किती वर्षांचा कोण जाणे. जुन्या रंगांत शिसं असायचं. घासून काढायला गेलं तर त्याची धूळसुद्धा विषारी. मी हा तिच्या पिंजऱ्याजवळ नेणार नाही, कापायचं तर लांबच.

द्वारका: विष? अगो, स्वरूप याच कठड्याला धरून उभा राहायला शिकला. दात येताना वरची दांडी कुरतडून काढली होती त्याने. हे बघ, इथे. अजून खुणा आहेत.

अक्षया: दिसतायत.

द्वारका: तरीच!

अक्षया: काय तरीच?

द्वारका: डोक्यावर परिणाम झालाय ना त्याच्या. मी उगाच माझ्या संस्कारांना दोष देत बसले होते.

अक्षया: आई, हसवू नका हो. बघा, बीट सांडलं.

द्वारका: सांडू दे. किती दिवसांनी हसलीस.

अक्षया: त्या खुणांपाशी टवका उडालाय बघा. केवढे थर आहेत! वर हिरवा...

द्वारका: तो स्वरूपचा. आमच्यात मूल झालं की बारशाला पाळण्याला नवा हात. जुना खरवडायचा नाही, त्यावरच चढवायचा. सासूबाई म्हणायच्या, घराणं असंच चढतं, एकावर एक.

अक्षया: सगळ्यात खाली निळा आहे.

द्वारका: तो ह्यांचा. तुझे सासरे त्यात निजलेले.

अक्षया: आणि मधला पिवळा कुणाचा?

द्वारका: पिवळा? अस्तर असेल.

अक्षया: अस्तर सगळ्यात खाली मारतात ना? लाकडावर?

द्वारका: जा, रंगाऱ्याला विचार. मेला तो केव्हाच. अस्तर म्हटलं ना एकदा.

अक्षया: चिडलात?

द्वारका: चिडायला काय झालंय? हळद पुढे सरकव. नि पदर सावर, टेम्पोच वाजला तो.

(टेम्पो फाटकाशी थांबतो. स्वरूप पडवीत येतो. अक्षया उठत नाही.)

स्वरूप: अरे वा, काढूनच ठेवलायस! मला वाटलं, माळ्यावर चढावं लागणार. थँक्यू, आई.

द्वारका: तुझ्यासाठी नाही काढला.

स्वरूप: मग?

द्वारका: राखुंडीसाठी. कापून शिडी करायची होती तिची.

स्वरूप: सीन नको ना करू यार, आई. ड्रायव्हर बाहेर उभा आहे. अक्षया, काय भरवलंस हिच्या डोक्यात?

अक्षया: मी काही नाही भरवलं.

द्वारका: तिच्यावर घसरू नकोस. तिनेच नको म्हटलं कापायला.

स्वरूप: मग बरं. थँक्स. तसं पण, तू अजून किती दिवस इथे...

द्वारका: ती माझ्या घरात राहते. तुझ्या नाही. पाळण्याचं बोल.

स्वरूप: ओके, ओके. आई, ऐक ना. रविवारी डोहाळजेवण आहे. हॉल घेतलाय. पाळणा फुलांनी सजवून स्टेजवर ठेवणार. तू ये ना. तू आलीस की सगळं नीट दिसेल. हेमांगीच्या घरचे सारखे विचारतात, मुलाची आई कुठे आहे? पहिली ओटी तूच भरायची, असं हेमांगी म्हणाली.

द्वारका: ती म्हणाली?

स्वरूप: शप्पथ. ती वाईट नाही गं. बाळ आता लाथा मारतं जोरात. परवा मी हात ठेवला तर असा धक्का बसला, मी दचकलोच.

द्वारका: कुठल्या बाजूला मारतं?

स्वरूप: उजव्या.

द्वारका: तूही उजव्याच बाजूला मारायचास. रात्रभर झोपू द्यायचा नाहीस. अशी बघू नकोस गो, अक्षया. नुसतं विचारलं मी.

अक्षया: मी कुठे काय म्हटलं? तुमचं नातवंड आहे. तुम्ही नाही विचारणार तर कोण विचारणार?

स्वरूप: एक्झॅक्टली. मी हेच म्हणतोय. आमच्यात काय झालं ते झालं, बाळाचा काय दोष?

अक्षया: बाळाचा काहीच दोष नाही. म्हणून सांगते, नीट ऐक. पाळणा ने. पण त्यात बाळाला निजवू नकोस.

स्वरूप: काय?

अक्षया: जुने रंग आहेत त्यावर, थरावर थर. टवके उडतायत. बाळ उद्या कठडा धरून उभं राहील, दात येतील, चावेल. शिसं असतं त्यात. लहान मुलांना फार वाईट. स्टेजवर ठेव, फोटो काढ, पण बाळाला नको.

स्वरूप: रंगारी ठरलाय माझा. उद्या वरून पांढरा मारून देतो. एकदम चकाचक.

अक्षया: वरून मारून काय होतं? खालचं खालीच राहतं. उद्या पांढऱ्याचाही टवका उडेल. आणि घासायला सांगितलंस तर त्याची धूळ घरभर. हेमांगीने तर तेव्हा तिथे उभंही राहू नये, पोटुशी आहे ती.

स्वरूप: बास आता.

अक्षया: मी राखुंडीला नाही दिला हा, स्वरूप. आई कापायला सांगत होत्या, तरी नाही दिला. यावरून तरी समज.

स्वरूप: समजलं. सगळं समजलं मला. तुझं दोनदा टिकलं नाही, तर आता दुसरीचं सुखाने होऊ नये. सरळ बोल ना, जळतेस म्हणून! विष काय, शिसं काय. शुभकार्याच्या तोंडावर असलं अभद्र बोलवतं तरी कसं तुला?

अक्षया: माझं नको ऐकू. डॉक्टरला विचार.

स्वरूप: मी याच पाळण्यात वाढलो. मला काय झालं?

द्वारका: ते विचारू नकोस.

स्वरूप: आई, तू पण ना! मी ड्रायव्हरला बोलावतो, एक बाजू तो धरेल.

द्वारका: ठेव तो खाली.

स्वरूप: आता काय?

द्वारका: खाली ठेव म्हटलं. त्यात तुझी बहीण गेली.

स्वरूप: कुठली बहीण? मला कुठे बहीण आहे?

द्वारका: होती. तुझ्या आधी. तो टवका नखाने उचलून बघ. हिरव्याखाली पिवळा आहे ना, तो तिचा. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. रंग नुकता वाळला होता, वास गेला नव्हता अजून. मी म्हटलं, निजवूया आजच, सवय होईल. सकाळी पाजून निजवली. परत उचलायला गेले तर गार पडली होती.

स्वरूप: तू कधी बोलली नाहीस.

द्वारका: कुणाला बोलू? माझं दूध आटलं नव्हतं, तोवर तुझी आजी आगाशीला मुलगी बघायला निघाली. ह्यांच्यासाठी, दुसरी. वाटेत खायला म्हणून भाकऱ्या मीच बांधून दिल्या. पुढे तू राहिलास पोटात, म्हणून ते स्थळ मोडलं नि मी या घरात राहिले. नाहीतर आज अक्षया जिथे बसलीय ना, तिथे मी बसले असते. तुझ्या जिवावर मी टिकले रे. आणि तू वाढून दुसऱ्या बाईला तेच केलंस. लाज वाटते मला. तुझी वाटते नि माझीही.

स्वरूप: आई, प्लीज. म्हणजे हा पाळणा...

द्वारका: न्यायचा तर ने. मी आडवी पडणार नाही. पण हेमांगीला सांगून ने, की यात एक पोर गेलंय. लपवून नेऊ नकोस.

स्वरूप: तिला कसं सांगू? तिची आई तर मांजर आडवं गेलं तरी रिक्षा परत फिरवते. आत्ता सांगायचं होतं हे तुला?

द्वारका: मग केव्हा सांगायचं होतं?

स्वरूप: राहू दे. ठेव इथेच. मी नवीन घेतो दुकानातून.

द्वारका: घे. पण रंग बघून घे. हिला विचार, हिला कळतं त्यातलं.

स्वरूप: हिला कशाला विचारू?

द्वारका: नको विचारू. बिनरंगाचा घे मग. आईचं एवढं ऐक.

स्वरूप: बघतो.

द्वारका: नि रविवारी किती वाजता यायचं? खण आणायला हवा मला. वसईच्या बाजारात जाऊन येते उद्या.

स्वरूप: आई...

द्वारका: काय रे?

स्वरूप: रविवारचं राहू दे. म्हणजे, तू नको येऊस. हेमांगीच्या आईला हे कुठून कळलं ना, तर... पहिली ओटी असते गं. आणि ज्या बाईचं असं... तू समजून घे ना. बाळ झाल्यावर बघू आपण.

द्वारका: ज्या बाईचं मूल गेलंय.

स्वरूप: मी तसं नाही म्हटलं.

द्वारका: नाही म्हटलंस. जा आता. ड्रायव्हर खोळंबलाय.

स्वरूप: रागावलीस?

द्वारका: जा म्हटलं ना. फाटक लावून घे, गाई शिरतात वाडीत.

अक्षया: गेला टेम्पो.

द्वारका: रिकामाच वाजला.

अक्षया: पाणी आणू?

द्वारका: नको.

अक्षया: आई, का सांगितलंत त्याला? तुम्हाला जायचं होतं. लाथा मारतं म्हणाला, तेव्हाच मला कळलं.

द्वारका: होतं जायचं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? नातवाची पहिली ओटी होती. त्याने हॉल म्हटलं, नि मी मनातल्या मनात साडीसुद्धा काढून ठेवली. नारळ कुठल्या झाडाचा न्यायचा तेही ठरलं माझं. राग मानू नकोस.

अक्षया: राग नाही. वाईट वाटलं थोडं. तुमच्या जागी मीही गेले असते.

द्वारका: तुझं शिसं त्याने ऐकलं नाही. ऐकणारच नव्हता, कारण तू सांगितलंस. शिकलेला आहे ना तो! अपशकुन म्हटल्यावर बघ कसा हात झटकून बाजूला झाला.

अक्षया: म्हणजे मी म्हटलेलं तुम्हाला पटलं होतं?

द्वारका: पटायला काय? मला त्यातलं कळत नाही काही. पण तू तुझ्या राखुंडीच्या वाऱ्याला उभं करत नाहीस जे, ते मी नातवाच्या तोंडाशी जाऊ देऊ? चुनासुद्धा लावू देत नाहीस तू. एवढी काळजी करणारी बाई खोटं कशाला सांगेल?

अक्षया: मग ते... त्याला थांबवायला म्हणून सांगितलंत? बाळाचं?

द्वारका: तसं असतं तर बरं होतं गो.

अक्षया: मघाशी मला अस्तर म्हणालात.

द्वारका: सासूबाईंचा शब्द तो. स्वरूपच्या बारशाला हिरवा देताना रंगाऱ्यावर उभ्या होत्या त्या. म्हणाल्या, पिवळा कुठून डोकावता कामा नये. नि कुणी विचारलंच तर अस्तर म्हणायचं. मग मीही तेच म्हणत आले. स्वरूप लहानपणी विचारायचा, आई, इथे पिवळं काय आहे? अस्तर आहे, बाळा.

अक्षया: हळद पुसू नका अशी, हात पिवळा झाला सगळा. द्या इकडे.

द्वारका: असू दे. खाल्ली तरी चालते ना ही?

अक्षया: चालते.

द्वारका: मग असू दे.

अक्षया: आई, नाव काय होतं तिचं?

द्वारका: नाव आत्या ठेवते ना, बारशाला, कानात. नणंदेने ठरवलं होतं म्हणे काहीतरी. मला कुणी सांगितलं नाही.